मातृभूमीच्या कागदावर सही कोणाची?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीनं श्रीलंकेचा विषय काढला. तिची भाची सुटीत तिकडे जाऊन आली होती. दक्षिण किनाऱ्यावर परदेशी माणसांनी घरं घेतली आहेत, बंगले भाड्यानं धरले आहेत, जमिनीचे भाव चढले आहेत आणि गावातली माणसं रस्त्याच्या आतल्या बाजूला सरकत चालली आहेत, असं ती सांगत होती. लगेच दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, हा तर सरळसरळ देश विकणं आहे. काहीजणी म्हणाल्या, बुडालेल्या देशानं करायचं काय? डॉलर कुठून आणायचे? आवाज चढले. एवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "विकताना बायकोला विचारलं होतं का?"

सगळ्या हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या माहेरची कोकणातली जमीन भावांनी विकली, तेव्हा त्यांना फक्त सहीपुरतं बोलावलं होतं. लुगडं मिळालं, जेवण मिळालं, भाव काय आला ते आजतागायत कळलेलं नाही.

त्यांचा प्रश्न मला त्या दोन्ही तटांपेक्षा मोलाचा वाटला. श्रीलंकेच्या निमित्तानं तोच मांडावा म्हणून हा लेख.

आधी तिकडे काय घडलं ते पाहू. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं आपण परदेशी कर्जाचे हप्ते फेडू शकत नाही असं जाहीर केलं. इंधन नाही, गॅस नाही, औषधं नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर सत्तर टक्क्यांच्या आसपास गेला. रांगांमध्ये रात्ररात्र उभं राहिलेल्या बायकांची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी मार्च महिन्याच्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण २०० श्रीलंकन रुपये पडत होते. मे महिन्यात ३६० च्या घरात पडू लागले.

आता हे गणित जमिनीला लावू. समजा एका जमिनीची किंमत एक कोटी रुपये आहे. मार्चच्या सुरुवातीला ती परदेशी माणसाला ५० हजार डॉलरला पडली असती. मे महिन्यात तीच जमीन २८ हजार डॉलरच्या आत. मालकानं भाव सव्वापट केला तरी परदेशी गिऱ्हाइकाला ती स्वस्तच. पण तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या मुलीचा पगार रुपयात आहे. शाळेतल्या बाईंचा पगार रुपयात आहे. त्यांच्या दृष्टीनं तीच जमीन महाग झाली. एकच भाव एकाला उतरलेला दिसतो आणि दुसरीला चढलेला. देशाचं चलन पडलं की किनाऱ्यावरची माती कोणाच्या आवाक्यात येते आणि कोणाच्या आवाक्याबाहेर जाते, ते इथं उघड होतं. आणि सरकारही हतबल होऊन दार उघडतं. त्याच वर्षी बँकेत एक लाख डॉलर ठेवणाऱ्या परदेशी माणसाला दहा वर्षं राहू देणारा व्हिसा काढला गेला.

जमीन परदेशी माणसाला विकावी की नाही, हा श्रीलंकेत जुना वाद आहे. १९६३ च्या कायद्यानं अशा विक्रीवर शंभर टक्के कर बसवला, म्हणजे जमिनीच्या किमतीएवढाच कर. २००२ मध्ये तो उठवला. तेव्हा युद्धबंदी झालेली होती. जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या गॉलच्या किल्ल्यातली जुनी घरं त्या सुमाराला भराभर परदेशी हातात गेली. २००४ मध्ये कर पुन्हा आला. मग २०१४ चा कायदा आला. त्यानं परदेशी व्यक्तीला, तसंच ज्या कंपनीत निम्मं किंवा निम्म्याहून अधिक भांडवल परदेशी आहे अशा कंपनीला, जमीन विकायलाच बंदी केली. पण ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा चालतो. इमारतीतल्या चौथ्या मजल्यापासून वरचे फ्लॅट चालतात. आणि कंपनीत ५१ टक्के स्थानिक नाव दाखवलं की जमीनही चालते.

९९ वर्षं म्हणजे किती? आज तिशीत असलेल्या बाईनं पाहिलं तर तिच्या नातीच्या मुलीच्या हाती ती जमीन परत येणार. याला बंदी म्हणायचं की विक्री, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

या साऱ्या वादात एक तट म्हणतो 'देश', दुसरा म्हणतो 'विकास'. दोघांचा एक समज मात्र पक्का आहे की विकणारा कोण याबद्दल शंकाच नाही. तो 'मालक'. त्याच्या घरात आणखी कोणी राहतं, त्या जमिनीवर नारळ सोलतं, काथ्या वळतं, मासळी सुकवतं, भात कांडतं, हे खरेदीखतात येत नाही.

श्रीलंकेतली पाचातली चार भाग जमीन सरकारी मालकीची आहे. शेतकऱ्यांना ती वाटली गेली ती १९३५ च्या जमीन विकास कायद्याखाली. त्या कायद्याला एक परिशिष्ट होतं. मालकानं वारस नेमला नसेल तर जमीन कोणाकडे जाईल याचा क्रम त्यात लावलेला होता. आधी मुलगे, मग मुली. आधी नातू, मग नाती. आधी बाप, मग आई. आधी भाऊ, मग बहिणी. प्रत्येक पायरीवर पुरुष आधी. विधवेला जमीन वापरायचा हक्क मिळे तो जिवंत असेपर्यंत, आणि तिनं पुन्हा लग्न केलं की तोही गेला. इंग्रजांच्या काळातला हा कायदा स्वातंत्र्यानंतर बदलायला किती वर्षं लागावीत? १९६० मध्ये जगातली पहिली स्त्री पंतप्रधान ज्या देशानं दिली, त्या देशानं हा वारसाक्रम बदलला २०२२ मध्ये. तिथल्या स्त्री संघटना दशकानुदशकं त्यासाठी भांडत होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ समितीनंही कान उपटले होते. दिवाळखोरीच्या त्याच वर्षात हा विजय मिळाला, त्यामुळे तो कोणाच्या फारसा लक्षातही आला नाही. पण सत्त्याऐंशी वर्षांच्या नोंदी एका दुरुस्तीनं पुसल्या जात नाहीत. ज्या मुलीची जमीन भावाच्या नावावर चढली, ती चढलेलीच आहे.

खासगी जमिनीचं काय? १९२३ च्या कायद्यानं विवाहित स्त्रीला स्वतःची मिळकत स्वतःच्या नावानं बाळगायचा आणि विकायचा हक्क दिला. चांगलीच गोष्ट. पण त्याची दुसरी बाजू अशी, की नवऱ्याच्या नावावर जे आहे ते त्याचं एकट्याचं. राहतं घर विकायलासुद्धा त्याला बायकोची सही लागत नाही. जाफनाच्या तमिळांना लागू असणाऱ्या तेसवळमै कायद्यात तर उलटाच न्याय आहे. तिथं बायकोला स्वतःची जमीन विकायची असेल तर नवऱ्याची लेखी संमती लागते. नवऱ्याला विकायची असेल तर बायकोची लागत नाही. कोपऱ्यातल्या बाईंच्या प्रश्नाला एवढं सरळ उत्तर कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडेल!

आता दुसरा मुद्दा. डॉलर हवेत म्हणून जमीन द्यावी लागते, असं सांगितलं जातं. पण श्रीलंकेचे डॉलर आजवर कोणी मिळवले? चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या बायकांनी. कटुनायकेच्या निर्यात क्षेत्रात दिवसभर मशीनवर बसणाऱ्या, खेड्यातून आलेल्या मुलींनी. आणि आपली लेकरं आईजवळ, सासूजवळ ठेवून कुवेतला, सौदीला दुसऱ्यांची घरं झाडायला गेलेल्या बायकांनी. देशाच्या परकीय चलनाचे हे तीन मोठे झरे बायकांच्या श्रमावर वाहतात. या तिघींपैकी किती जणींच्या नावावर जमीन आहे?

मळ्यातल्या बाईचं उदाहरण घ्या. तिचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी तमिळनाडूतून आणले गेले. १९४८ मध्ये स्वतंत्र देशानं त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. ते परत मिळवायला पुढची पाच दशकं गेली. आजही हजारो कुटुंबं 'लाइन रूम' म्हणतात त्या एका ओळीतल्या खोल्यांत राहतात. खोली मळ्याच्या मालकीची. काम सुटलं की छप्पर सुटण्याची भीती. गेल्या दहा वर्षांत त्यांना सात पर्च जमीन देऊ अशी घोषणा झाली, मग दहा पर्चची झाली. तिकडे जमीन पर्चमध्ये मोजतात. एक पर्च म्हणजे साधारण २७२ चौरस फूट. सात पर्च म्हणजे १,९०० चौरस फूट. ज्यांच्या हातांनी देशाला दीडशे वर्षं डॉलर दिले त्यांना एवढी माती देताना सरकारं अडखळतात. आणि परदेशी माणसाला एकरांचा भाडेपट्टा करून देताना मात्र खिडकी एकच, अर्ज एकच. हा नुसता योगायोग नव्हे.

परदेशातून पैसे पाठवणाऱ्या बाईचं दुखणं आणखी वेगळं. तिच्या पैशानं घराचं जोतं येतं, भिंती येतात. पण जमीन नवऱ्याची किंवा सासऱ्याची, म्हणून घरही त्यांचं. भाव चढले आणि घर विकायचं ठरलं, तर तिच्या घामाचा हिशोब कुठल्या रकान्यात लिहायचा?

याहूनही बोलकं उदाहरण पूर्व किनाऱ्याचं आहे. बट्टिकलोआ आणि अंपारा भागातल्या तमिळ आणि मुस्लिम समाजात जुनी रीत अशी, की मुलीच्या लग्नात आईवडील तिला घर देतात. नवरा तिच्याकडे राहायला येतो. मावश्या, बहिणी, आई एकाच आवारात. नवऱ्यानं मारलं तर ओरडायला चार घरं जवळ असतात, आणि घर सोडायची पाळी आलीच तर ती त्याच्यावर. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. श्रीलंकेत तीस हजारांवर माणसं गेली, त्यात बायका अधिक. मग पुनर्वसन सुरू झालं. सरकारनं किनाऱ्यापासून दक्षिण-पश्चिमेला १०० मीटर आणि उत्तर-पूर्वेला २०० मीटर घरबांधणीला मनाई केली. कोळ्यांच्या झोपड्यांना मनाई, हॉटेलांना मात्र सवलती. अरुगम बेमध्ये पर्यटनाचा मोठा आराखडा आला आणि गावकऱ्यांनी त्याला विरोध केला. सुरक्षिततेच्या नावानं गरिबांना मागे हटवायचं आणि मोकळ्या झालेल्या वाळूवर पाहुण्यांना बसवायचं, ही तक्रार तेव्हाच ऐकू येत होती.

पण त्यातही एक गोष्ट आणखी हळूच घडली. आतल्या बाजूला नवी घरं मिळाली, तेव्हा फॉर्मवर एक रकाना होता, 'कुटुंबप्रमुख'. तिथं नवऱ्याचं नाव लिहिलं गेलं. जी बाई पिढ्यानपिढ्या घराची मालकीण होती ती त्या कागदावर 'आश्रित' झाली. त्सुनामीनं घर नेलं, आणि मालकी नेली ती एका रकान्यानं. तिथल्या कार्यकर्त्यांनी दोघांच्या नावे नोंद करा म्हणून आवाज उठवला. उत्तर काय मिळालं? सरकारी जमीन दोघांच्या नावे द्यायची कायद्यात सोय नाही. वीस वर्षांनंतर आज त्याच किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांची गर्दी आहे आणि जमिनीला भाव आहे. तो भाव खिशात घालण्याचा हक्क कोणाकडे गेला, हे त्या रकान्यानं आधीच ठरवून टाकलं होतं.

काहीजणी म्हणतील, परदेशी माणसं आली तर बायकांना कामही मिळतं. खोल्या भाड्यानं देता येतात, खानावळ चालवता येते. हे खोटं नाही. स्वतःच्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन पोरांना शिकवणाऱ्या बाया तिथं आहेत, आणि त्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. पण बारकाईनं पाहा. खोल्या भाड्यानं देणारी बाई आणि त्याच खोल्या झाडणारी बाई यांत फरक कशाचा? घर कोणाचं आहे याचाच. जमीन हातात असेल तर पाहुणा हे उत्पन्न. जमीन गेली की तोच पाहुणा मालक, आणि आपण त्याच्या मोलकरणी. श्रीलंकेत कमावत्या वयातल्या तीनपैकी एकच बाई रोजगाराच्या मोजणीत येते. बाकी दोघी राबतच असतात, फक्त मोजल्या जात नाहीत. त्यांचं राबणं परसात चालतं, विहिरीवर चालतं, वाळवणाच्या वाळूवर चालतं. तीच जागा आधी जाते.

दुसरी एक धोक्याची सूचना आपल्या बाजूच्या मैत्रिणींना. फेब्रुवारी २०२४ मध्ये उनावटुना इथं फक्त गोऱ्यांसाठी म्हणून एक पार्टी जाहीर झाली. लोक खवळले आणि ती रद्द करावी लागली. खवळले ते योग्यच. आपल्याच गावात आपल्याला मज्जाव कोण सहन करील? पण अशा रागाची भाषा बघता बघता 'आमची जमीन, आमच्या बायका' अशी होते. जमीन आणि बाई दोन्ही राखायच्या वस्तू, आणि राखणारा पुरुष! परक्यानं घेऊ नये, कारण ती आमची. पण आमच्यातल्या कोणाची, हे विचारायचं नाही. २०१९–२० मध्ये अमेरिकेच्या ४८ कोटी डॉलरच्या मदत कराराला विरोध झाला, तेव्हा त्यातल्या जमीन नोंदणीच्या भागावर मोठं वादळ उठलं. अमेरिका जमीन गिळणार, म्हणून मोर्चे निघाले. डिसेंबर २०२० मध्ये करार बारगळला. नोंदणी अमेरिकी पैशानं झाली काय किंवा आपल्या पैशानं झाली काय, नोंद कोणाच्या नावानं होणार, हा प्रश्न त्या वादळात बाजूलाच पडला.

तो आता पुन्हा समोर आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेव्हाच्या सरकारनं 'उरुमय' म्हणजे वारसा या नावाची योजना जाहीर केली. १९३५ च्या कायद्याखाली जमीन कसणाऱ्या वीस लाख कुटुंबांना पूर्ण मालकीचे कागद द्यायचे, असा तिचा बोलबाला होता. ऐकायला गोड वाटतं. पण पूर्ण मालकी म्हणजे विकण्याची पूर्ण मोकळीकही. हिंगुरक्गोड इथं २०२१ मध्ये सूक्ष्म कर्जाच्या जाचाविरुद्ध बायका आठवड्यांमागून आठवडे सत्याग्रहाला बसल्या होत्या. वसुलीवाले दारात बसलेल्या अशा घरात मालकीचा कागद आला, की पहिल्यांदा काय होईल? सोनं आधीच गहाण पडलेलं आहे. ते बाईचं होतं, म्हणून आधी गेलं. आता कागद जाईल. २०२४ मध्ये हरिणी अमरसूर्य पंतप्रधान झाल्या. त्या स्वतः स्त्री चळवळीशी नातं सांगणाऱ्या अभ्यासक आहेत. आपल्याला त्याचा आनंद आहे. पण खुर्चीवर बाई बसली की कागदावर बाई येते असं होत नाही, हे १९६० नंतरची श्रीलंका आपल्याला शिकवते.

आणि आपण? आपल्याकडे परदेशी गिऱ्हाइकाला जमीन घेणं सोपं नाही. पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत दलाल फिरतात ते काही हवा खायला नव्हे. गिऱ्हाईक मुंबईचं असो की परदेशातलं, विकणाऱ्या घरातलं चित्र तेच. मातृभूमी म्हणून जिला नमस्कार करायचा तिच्या सातबाऱ्यावर मातेचं नाव शोधावं लागतं. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळाला. पण व्यवहार ठरला की बहिणीपुढे हक्कसोड पत्र येतं, आणि माहेर तुटायला नको म्हणून ती अंगठा उठवते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कुटुंब कायद्यानं नवरा-बायको दोघांचीही सही लागते. म्हणून तिथल्या जमिनी वाचल्या का? नाही वाचल्या. सही दबावानंही घेतली जाते. पण तिथल्या बाईला व्यवहार झाल्यावर नव्हे, आधी कळतं, अडवता येतं, निदान निम्मं मागता येतं. एवढंही ज्यांना नाही त्यांना विचारा त्याची किंमत. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावानं जमीन करून दिली होती. नवऱ्याच्या मोठ्या मनावर का अवलंबून राहावं, अशी तेव्हा आपल्यातल्या अनेकींनी टीका केली होती. टीका बरोबर होती. पण सातबाऱ्यावर नाव चढलं ते चढलंच.

तेव्हा परदेशी माणसांना जमीन द्यावी की न द्यावी, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, आधी माझ्या अटी ऐका. राहतं घर आणि कसती जमीन विकताना किंवा दीर्घ पट्ट्यानं देताना बायकोची लेखी संमती असलीच पाहिजे, आणि ती नवरा समोर नसताना विचारली पाहिजे. नवा प्रत्येक कागद दोघांच्या नावे, आणि एकट्या, टाकलेल्या, विधवा बाईचा तिच्या एकटीच्या नावे. 'कुटुंबप्रमुख' हा रकाना फॉर्मवरून कायमचा उडवा. पट्टा नातीच्या मुलीपर्यंत नको. एका पिढीत संपेल असा करा आणि भाडं ठराविक वर्षांनी नव्यानं ठरवा. आणि किनाऱ्यावर पहिला पट्टा लिहिण्याआधी मळ्यातल्या बाईचे ते सात-दहा पर्च तिच्या नावावर चढवा.

या अटी श्रीलंकेच्या म्हणून वाचू नका. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या राहत्या घराचा कागद पाहून यावं. सापडला नाही तर कोणाकडे आहे ते विचारून यावं. विचारताना घरात काय झालं, तेही सांगावं. चर्चेला तिथूनच सुरुवात करू.